वाचकांचे प्रश्न : चाबूक खाणारा देव, हसणारा देव

मागील अंकात या सदरात अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘बेडूक’ या ग्रीक सुखात्मिकेचा ओझरता उल्लेख आला होता. त्या नाटकात प्रत्यक्ष देवाला रंगमंचावर मार खावा लागतो, एवढेच एक वाक्य मी लिहिले होते. परंतु त्या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : देवाच्याच उत्सवात त्या देवाची टवाळी करणारे नाटक अथेन्सच्या लोकांनी कसे खपवून घेतले? त्यांची आपल्या देवांवर श्रद्धा नव्हती काय? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : ‘बेडूक’ हे नाटक इ.स.पू. 405 मध्ये डायोनायससच्या लेनाइया या हिवाळी उत्सवात सादर झाले आणि त्याला पहिले पारितोषिक मिळाले. म्हणजे लोकांनी ते नुसते खपवून घेतले नाही, तर डोक्यावर घेतले. आपला प्रश्न त्यामुळे अधिकच धारदार होतो, हे मान्य केले पाहिजे.

प्रथम त्या नाटकात काय घडते ते पाहू. युरिपिडीस नुकताच मरण पावला आहे, अथेन्समध्ये चांगला शोकांतिकाकार उरलेला नाही, आणि म्हणून नाट्याचा आणि मद्याचा देव डायोनायसस स्वतः पाताळात जाऊन युरिपिडीसला परत आणायला निघतो. वाटेत भीती वाटू नये म्हणून त्याने महाबली हेराक्लीसचे सोंग घेतले आहे; पण आत केशरी रंगाचा नाजूक झगा, वर सिंहाचे कातडे आणि हातात सोटा असा तो एकूण थाट पाहून खुद्द हेराक्लीसलाच हसू आवरत नाही. पाताळात एका राक्षसिणीची चाहूल लागताच देवाची घाबरगुंडी उडते आणि तो प्रेक्षकांत मानाच्या आसनावर बसलेल्या डायोनायससच्या पुजाऱ्याकडे धाव घेऊन म्हणतो, ‘मला वाचव, म्हणजे नाटकानंतर तुझ्यासोबत प्यायला मी शिल्लक राहीन.’ पुजारी खरा, आसन खरे, नाटकानंतरची मेजवानीही खरी. खोटा काय तो मुखवट्यामागचा देव. हा विनोद करणाऱ्याच्या धाडसाचे मला आजही नवल वाटते.

मार खाण्याचा प्रसंग याच्या पुढचा. पाताळाच्या दाराशी देव आणि त्याचा गुलाम झँथिअस सोयीप्रमाणे वेषांची अदलाबदल करत राहतात आणि अखेर दोघांपैकी देव कोण, असा पेच उभा राहतो. देवाला वेदना होत नसल्यामुळे दोघांनाही फटके मारून पाहावे, अशी तोड निघते. द्वारपाल आळीपाळीने चाबूक चालवतो. डायोनायससच्या तोंडून ‘अपोलो!’ अशी किंकाळी फुटते आणि तो लगेच सारवासारव करतो, की आपण ओरडलो नाही, एक जुनी कवितेची ओळ आठवत होतो. द्वारपाल शेवटी हात टेकतो आणि म्हणतो, की आत चला, पाताळाचा राजा आणि राणी हे स्वतः देव असल्यामुळे तेच तुम्हाला ओळखतील. त्यावर डायोनायससचे उत्तर असे, की हे तुला मला फटके मारण्यापूर्वी सुचायला हवे होते.

आता मूळ शंकेकडे वळू. ग्रीक धर्माला एक प्रमाणग्रंथ नव्हता, आणि लोकांनी काय मानावे हे ठरवणारी पुरोहितांची यंत्रणाही नव्हती. होमर आणि हेसिअड यांनीच ग्रीकांना देवांची कुळे, नावे, अधिकार आणि रूपे सांगितली, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस स्पष्ट लिहितो. म्हणजे देवकथांचा अधिकार कवींकडे होता आणि कवीने कथा बदलली तर त्याला कोणी पाखंडी म्हणत नसे. नगराचा हक्क होता तो विधींवर : बळी, मिरवणूक, नवस, ठरलेल्या दिवशी ठरलेला उत्सव. नाटकांची स्पर्धा हीच मुळी त्या विधीचा भाग होती. त्यामुळे डायोनायससला हसणारा प्रेक्षक त्याच उत्सवात त्याची सेवाही करत होता, आणि या दोन गोष्टींत त्याला विसंगती दिसत नव्हती.

विधीला धक्का लागला, की मात्र हेच नगर किती कठोर होई, हे इ.स.पू. 415 मध्ये दिसले. सिसिलीवरील मोहिमेच्या तोंडावर, घरांच्या दारांपुढे उभ्या असलेल्या हर्मीस देवाच्या चौकोनी दगडी स्तंभांची कोणीतरी एका रात्रीत मोडतोड केली आणि चौकशीत असेही निघाले, की काही घरांतून अथेन्सजवळच्या एल्युसिस येथील, फक्त दीक्षा घेतलेल्यांसाठी असलेल्या गुप्त विधींची नक्कल केली जाते. या प्रकरणात लोकांना देहदंड झाला आणि मालमत्ता जप्त झाल्या. ते गुप्त विधी आपल्या नाटकातून उघड केल्याचा आरोप एस्किलससारख्या ज्येष्ठ कवीवरही आला होता, असे अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. रंगमंचावर देवाला पळपुटा दाखवलेले चालत होते, परंतु त्याच्या दीक्षेचे गुपित फोडलेले चालत नव्हते. ही सीमारेषा ध्यानात आली, की पुष्कळसा गोंधळ निवळतो.

आणखी एक गोष्ट. ग्रीकांचा देव हा सज्जनपणामुळे देव नव्हता. त्याचे नेहमीचे विशेषण ‘अमर’ असे आहे आणि माणसाहून त्याचे वेगळेपण मुख्यतः त्यातच आहे. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या पाचव्या सर्गात डायोमिडीस हा मर्त्य योद्धा अ‍ॅफ्रोडायटीच्या हाताला भाल्याने जखम करतो. तिच्या जखमेतून रक्त नव्हे तर ‘इखोर’ नावाचा दिव्य रस वाहतो आणि ती रडत आईकडे जाते. ज्या देवीला मरण नाही, तिची फजिती झाली म्हणून काय बिघडते? माणसाची फजिती त्याला मरेपर्यंत पुरते. देव क्षणभराने पुन्हा हसायला लागतात.

हे सर्वांनाच पटत होते असे नाही. चोरी, व्यभिचार आणि परस्परांची फसवणूक, माणसांत जे जे लाजिरवाणे ते सारे होमर-हेसिअडने देवांना चिकटवले, अशी तक्रार झेनोफनीस या तत्त्वचिंतक कवीने नाट्यस्पर्धा भरभराटीला येण्यापूर्वीच केली होती. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी आपल्याच रूपाचे देव रंगवले असते, हे वचनही त्याचेच.

प्रश्न : आमच्या नाट्यवर्गात युरिपिडीसचे ‘बॅकाय’ वाचताना वाद झाला. त्यातील डायोनायससला खलनायक म्हणावे की अपराध्याला शासन करणारा न्यायी देव म्हणावे? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : दोन्ही म्हणू नये, असे माझे मत आहे. कारण सांगण्यापूर्वी इतर वाचकांसाठी कथानक थोडक्यात देतो. ‘बॅकाय’ म्हणजे डायोनायससच्या उन्मत्त भक्तिणी. हे नाटक युरिपिडीसच्या मृत्यूनंतर, म्हणजे साधारण ‘बेडूक’च्याच काळात, रंगमंचावर आले. थीब्जचा तरुण राजा पेन्थिअस या देवाला मानत नाही. देव माणसाच्या रूपाने नगरात येतो, राजाला आपल्या जाळ्यात ओढतो आणि डोंगरावर भान हरपून नाचणाऱ्या स्त्रियांच्या हातून त्याचे तुकडे करवतो. त्या स्त्रियांची अग्रणी राजाची आई अगावी हीच आहे.

आपल्या वर्गाने एक प्रसंग पुन्हा वाचावा. स्त्रियांचे विधी चोरून पाहण्यासाठी पेन्थिअस स्त्रीवेषात बाहेर येतो आणि आपण आईसारखे दिसतो का, असे विचारतो. देव म्हणतो, की ही एक बट जागची सुटली आहे. आत नाचताना सुटली असेल, असे राजा सांगतो. मग देव दासीसारखा ती बट नीट बसवतो, कमरपट्टा सैल झाल्याचे दाखवतो, वस्त्राच्या चुण्या घोट्याशी सारख्या पडलेल्या नाहीत हेही सांगतो; आणि राजा मान वळवून उजवी बाजू बिघडली आहे, डावीकडे टाचेशी ठीक आहे, असा कबुलीजबाब देतो. काही वेळापूर्वी याच राजाने याच परक्याला साखळदंड घालण्याची आज्ञा दिली होती. येथे कोठेही आरडाओरडा नाही आणि तरीही ग्रीक नाटकातील याहून भयंकर प्रसंग मला आठवत नाही, कारण बळीच्या पशूला सजवावे तसा देव आपल्या हातांनी या माणसाला सजवत असतो.

या देवाला अटक होते तेव्हाही तो हसत असतो आणि पुढे गायकवृंद त्याला हसऱ्या ‘प्रोसोपोन’ने येण्याची विनवणी करतो. ग्रीक भाषेत या एका शब्दाचा अर्थ चेहरा असाही होतो आणि मुखवटा असाही. शोकांतिकेत बोलणारे नट तीनच असत, म्हणून पेन्थिअस आणि अगावी या दोन्ही भूमिका बहुधा एकाच नटाकडे असाव्यात, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असेल तर सिंहाचे शिर समजून मुलाचे मस्तक मिरवत येणाऱ्या आईच्या हातात त्याच नटाने थोड्या वेळापूर्वी घातलेला मुखवटा असणार. मुखवट्याच्या देवाला याहून योग्य नैवेद्य तो कोणता?

आता न्यायाविषयी. पेन्थिअसला शासन झाले हे समजण्यासारखे आहे; परंतु त्याचा आजोबा कॅडमस याने म्हातारपणी डोंगर चढून या देवापुढे नाचण्याची तयारी दाखवली होती, तरीही त्याला सर्प होऊन परदेशी भटकण्याचा शाप मिळतो. तो म्हणतो, की देवांनी रागाच्या बाबतीत माणसांसारखे असू नये. डायोनायससचे उत्तर एवढेच, की माझा पिता झ्यूस याने या सर्वाला फार पूर्वीच मान लववून संमती दिलेली आहे. हे समर्थन नव्हे आणि खलनायकाचा कांगावाही नव्हे. द्राक्षाचा रस जसा आंबतो, तसा हा देव आपल्या स्वभावाप्रमाणे वागतो, आणि त्याला रोखू पाहणारे भांडे फुटते.

प्रश्न : संकटाच्या वेळी यंत्रातून देव उतरवणे हा नाटककाराचा आळस नव्हे काय? (एक हौशी दिग्दर्शक, नागपूर)

उत्तर : अ‍ॅरिस्टॉटलचे मत जवळपास असेच होते. कथानकाची उकल कथानकातूनच व्हावी, यंत्रातून नव्हे, असे त्याने ‘काव्यशास्त्रा’त बजावले आहे. हे यंत्र म्हणजे रंगमंचामागील इमारतीपाशी उभारलेली एक यारी होती आणि तिच्या दोराला लटकवून नटाला हवेतून आणत. त्यात धोका होताच, अ‍ॅरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. 421 मधील ‘शांतता’ या नाटकात शेणकिड्यावर बसून स्वर्गाला निघालेला नायक मध्येच यारी चालवणाऱ्याला ओरडून सांगतो, की बाबा रे, लक्ष ठेव.

परंतु प्रत्येक वेळी देव गुंता सोडवायलाच येतो, असे समजू नये. युरिपिडीसच्या ‘हिपोलिटस’मध्ये (इ.स.पू. 428) आरंभी अ‍ॅफ्रोडायटी येऊन आपण या तरुणाचा नाश करणार असल्याचे जाहीर करते आणि शेवटी त्याची आराध्य देवता आर्टेमिस येते ती सर्व होऊन गेल्यावर. एका देवाने दुसऱ्याच्या इच्छेआड येऊ नये असा देवांचा दंडक आहे, म्हणून मी गप्प राहिले, असे ती सांगते. हिपोलिटस तिच्यासमोर शेवटचे श्वास घेत असतो, तेव्हा मृतांकडे पाहणे आणि अखेरच्या श्वासाचा विटाळ डोळ्यांना होऊ देणे मला वर्ज्य आहे, असे म्हणून ती निघून जाते. मागे राहतात मुलगा आणि ज्याच्या शापामुळे तो मरत आहे तो बाप. मुलगा मरता मरता बापाला क्षमा करतो. देवीला जे जमले नाही ते माणसाला जमते. हा शेवट आळशी लेखकाचा असू शकत नाही.

प्रश्न : संग्रहालयांतील पांढऱ्याशुभ्र मूर्तींमध्ये कोणता देव कोणता, हे कशावरून ओळखावे? (एक गृहिणी, पणजी)

उत्तर : पांढरेपणा हा मूळचा नाही. या मूर्तींचे केस, डोळे, ओठ आणि वस्त्रांचे काठ रंगवलेले असत; रंग कालांतराने उडाले आणि नंतरच्या युरोपने त्या उघड्या दगडालाच सौंदर्याचा आदर्श मानले.

ओळखीच्या खुणा ठरलेल्या आहेत. अथेनाला शिरस्त्राण आणि ढाल, हर्मीसला पंखांची पादत्राणे आणि दूताचा दंड, पोसायडनला त्रिशूळ, झ्यूसला वज्र. हातातील वस्तू हरवली तर पंचाईत होते. युबीया बेटाच्या आर्टेमिसियन भूशिराजवळ समुद्रातून 1926 आणि 1928 मध्ये तुकड्यांनी वर काढलेली, दोन मीटरांहून किंचित उंच अशी कांस्यमूर्ती अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. दोन्ही हात पसरून हा दाढीवाला देव काहीतरी फेकण्याच्या पवित्र्यात उभा आहे. पण उजव्या हातातील ती वस्तूच नाहीशी झाल्यामुळे तो झ्यूस की पोसायडन, हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. तेथे लांब त्रिशूळ धरला तर तो चेहऱ्याच्या आड येईल आणि कोणताही शिल्पकार असे करणार नाही, हा झ्यूसवाद्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

मूर्तींइतकेच भांड्यांकडेही पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एक्सिकियस या कुंभाराची सुमारे इ.स.पू. 530 मधील मद्याची पसरट वाटी जर्मनीत म्युनिक येथे आहे. तिच्या आतील लालसर पृष्ठभागावर डायोनायसस एका गलबतात निवांत रेललेला आहे, डोलकाठीला वेल लगडून वर सात घोस लोंबत आहेत आणि भोवती सात डॉल्फिन पोहत आहेत. देवाला पळवून नेऊ पाहणाऱ्या चाच्यांना त्याने डॉल्फिन केले, या कथेची येथे आठवण होते. पण चित्रात राग नाही, आरडाओरड नाही, समुद्राची एक रेघसुद्धा नाही. पिणाऱ्याने वाटी भरली, की हे चित्र मद्याखाली बुडे आणि घोटाघोटाने पुन्हा वर येई, म्हणजे समुद्र मद्याचा.

फिडियसने ऑलिंपिया येथे घडवलेली सोने आणि हस्तिदंताची झ्यूसमूर्ती आज नाही. ती बसलेली असूनही जवळजवळ छताला पोहोचत होती आणि उठून उभी राहिली असती तर देवळाचे छप्पर उडाले असते, असे प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोने लिहून ठेवले आहे. कोणता नमुना डोळ्यांपुढे ठेवलात, असे विचारल्यावर फिडियसने होमरच्या ओळींकडे बोट दाखवले, अशी आख्यायिकाही तो देतो. त्या ओळींत झ्यूस आपल्या काळ्याभोर भुवयांनी होकार देत मान लववतो आणि सारा ऑलिंपस पर्वत हादरतो. कॅडमसला ज्या होकाराचा दाखला मिळाला, त्याच जातीचा हा होकार आहे.

प्रश्न : डायोनायससने हिंदुस्थान जिंकला होता, असे ग्रीक ग्रंथांत आहे म्हणतात. यात तथ्य किती? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : इतिहास म्हणून काहीही नाही. अलेक्झांडरचे सैन्य काबूल नदी आणि सिंधू यांच्या दरम्यान निसा नावाच्या नगरापाशी आले, तेव्हा तेथील लोकांनी हे नगर डायोनायससने वसवल्याचे सांगितले आणि पुरावा म्हणून आयव्हीची वेल दाखवली. घरापासून इतक्या दूर ओळखीची वेल पाहून मॅसिडोनियाच्या शिपायांनी तिचे मुकुट करून डोक्यांवर घातले. हे सांगणारा अलेक्झांडरचा चरित्रकार एरियन स्वतःही या दाव्यावर फारसा विसंबत नाही. पुढे नॉनस या कवीने या देवाच्या भारतीय युद्धावर 48 सर्गांचे महाकाव्य रचले. गंमत अशी, की हा देव आशियातून ग्रीसमध्ये उशिरा आला असे युरोपीय विद्वानही पूर्वी मानत. मायकेल व्हेंट्रिसने 1952 मध्ये ‘लिनियर बी’ ही अतिप्राचीन ग्रीक लिपी उलगडल्यावर मात्र त्याचे नाव ग्रीक भूमीवरच्या, इ.स. पूर्व तेराव्या शतकातील मातीच्या पाट्यांवरच सापडले.

प्रश्न : कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडनची लहान मूर्ती आहे. प्राचीन कोल्हापुरात ग्रीक देवांची पूजा होत होती, असा याचा अर्थ घ्यावा का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : तसा अर्थ घेता येणार नाही. ही कांस्यमूर्ती 1940च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली आणि तिच्यासोबत धातूची भांडीही मिळाली. म्हणजे देव सापडला तो देवळात नव्हे, तर घरसामानाच्या शेजारी. सातवाहनकाळात रोमन जगाशी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून मोठा व्यापार चाले आणि त्या व्यापारात मद्याच्या कुंभांबरोबर अशा शोभेच्या वस्तूही घाटावर येत. कोल्हापूरच्या ज्या गृहस्थाने ती घेतली, त्याला त्रिशूळधारी समुद्रदेवाची कथा ठाऊक होती, असे मानायला काही आधार नाही. चांगली घडणावळ आणि लांबून आलेली वस्तू, एवढे कारण खरेदीला पुरेसे असते.

यवनांच्या, म्हणजे प्राचीन लेखांत ज्यांना यवन म्हटले आहे त्या ग्रीकांच्या, येथील धर्माचा माग काढायचा असेल, तर कार्ल्याच्या चैत्यगृहात जावे. तेथील खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची दाने कोरलेली आहेत आणि ही दाने झ्यूसला किंवा पोसायडनला नव्हेत, तर बौद्ध संघाला दिलेली आहेत. त्यांपैकी एका यवनाचे कोरलेले नाव ‘सिहधय’ असे आहे, आणि अभ्यासक त्याचे संस्कृत रूप सिंहध्वज असे करतात.